आत्ता येत नाहीये

कायमचं बंद पडलेलं यंत्र मुळात प्रामाणिक असतं. मी बंद आहे, असं ते सकाळी सांगतं, संध्याकाळी सांगतं आणि मेकॅनिकसमोर उभं केलं तरी तेच सांगतं. जबाबात फरक नाही. पंचाईत करतं ते अधूनमधून बिघडणारं यंत्र. गिरगावातल्या पागडीच्या खोलीचा भाडेकरू जसा राहायला डोंबिवलीला असतो, पण हक्क जाऊ नये म्हणून महिन्यातून एकदा येऊन कुलूप उघडतो, दोन बादल्या पाणी भरतो, शेजाऱ्यांना तोंड दाखवतो आणि मालकाचा माणूस जिना चढायच्या आत पसार होतो, तसा अशा यंत्रातल्या बिघाडाचा आवाज. ताबा कायमचा, वास्तव्य शून्य.

माझा भाचा लालबागला राहतो आणि गिटार वाजवतो. त्याचे आजोबा गिरणीत साच्यांवर होते. आठ तास त्या खडखडाटात काढून घरी आले की घरच्यांशीही ते गिरणीतल्याच आवाजात बोलत. त्यामुळे त्या घराला आवाजाचं वावडं नाही. ताईचं म्हणणं एवढंच, की जो काय आवाज करायचा तो ठरवून करावा. पण भाच्याने कुणा जुन्या वादकाकडून घेतलेला व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर ठरवून काही करतच नाही. अर्धा-पाऊण तास गुणी बाळासारखा चालतो. मग कुणी हातही लावलेला नसताना आतून ‘चर्रर्र’ येतं, मध्येच ‘फट्’ होतं, आणि पुन्हा सगळं शांत.

भाच्याने फोन केला, “मामा, तू ये आणि एकदा ऐक.” मी गिरगावचा. लॅमिंग्टन रोड माझ्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे, एवढ्या भांडवलावर सगळे नातेवाईक मला इलेक्ट्रॉनिक्समधला माणूस समजतात. मी गेलो. समोर खुर्ची टाकून बसलो. ॲम्प्लिफायर इतका सभ्यपणे वाजला की ताईला वाटलं, भाऊ आला म्हणून मुलाने उगाच तक्रार उकरून काढली.

व्हॉल्व्ह म्हणजे काय, हे हल्ली पन्नाशीच्या आतल्या माणसाला सांगावं लागतं. हवा काढून घेतलेली काचेची बाटली. आत एक तार तापते, ती एका बारीक नळीला तापवते, नळीतून इलेक्ट्रॉन सुटतात आणि समोरच्या धातूच्या पत्र्याकडे धाव घेतात. ही वाहतूक एकेरी चालते आणि तिचा उपयोग करता येतो, हे १९०४ साली फ्लेमिंग नावाच्या इंग्रज प्राध्यापकाने दाखवलं. १९०६ मध्ये ली डी फॉरेस्ट या अमेरिकनाने मध्ये एक जाळी बसवली. जाळीवरचा दाब जरासा हलवला की पत्र्यावर पोचणाऱ्या गर्दीत मोठा फरक पडतो. चिमूटभर सिग्नलचा पसाभर होतो तो असा. पुढे ट्रान्झिस्टर आला आणि व्हॉल्व्ह आधी रेडिओतून, मग टीव्हीतून गेले. बंगळुरूला भारत इलेक्ट्रॉनिक्स एके काळी आपल्या देशासाठी ते बनवत असे. आता नवे येतात ते रशिया, स्लोव्हाकिया नाहीतर चीनमधून, आणि येतात ते मुख्यतः गिटारवाल्यांच्या आणि कान फार नाजूक असलेल्या श्रीमंतांच्या हट्टापायी.

गिटारवाल्यांचा हट्ट असा, की झेपेनासं झालं की ट्रान्झिस्टर आवाजाचे शेंडे सपाट छाटतो आणि व्हॉल्व्ह तेच शेंडे हळूहळू वाकवतो. तो वाकलेला, चिरका, गळा भरून आलेला आवाज त्यांना हवा असतो. म्हणजे ज्याला सबंध मानवजात ‘फाटलेला’ म्हणते त्याचेच हे लोक पैसे मोजतात. भाच्याने हे सगळं आजीला समजावून सांगितलं.

“म्हणजे मघाशी जे चाललं होतं ते बिघडलेलं नव्हतं?”

“नाही गं आजी, ते वाजवणं होतं.”

“मग बिघडल्यावर कसं कळतं?”

हा प्रश्न वाटतो तितका भोळा नाही. व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायरचा आवाज फाटेपर्यंत वाढवला की आतली बारीकसारीक खरखरही त्याच पटीत वाढते आणि गिटारीच्या पदराआड लपते. खरं ऐकायचं तर गिटार बाजूला ठेवून, सगळी बटणं बेताची ठेवून, नुसतं बसावं लागतं. आणि नुसतं बसणं हे लालबागच्या चाळीत कुणाच्याही कुंडलीत नसतं.

चाळीतल्या साठीपुढच्या मंडळींना व्हॉल्व्ह म्हटल्याबरोबर भरतं आलं. मुंबईचं रेडिओ केंद्र २३ जुलै १९२७ ला सुरू झालं आणि पुढची कित्येक वर्षं या शहराने जे ऐकलं ते व्हॉल्व्हमधून ऐकलं. फळीवरचा रेडिओ, त्यावर विणलेला रुमाल, पोस्टात जाऊन पैसे भरायचं लायसन्स, बटण फिरवल्यावर बाटल्या तापेपर्यंतचा तो अधीर वेळ, आणि स्टेशन नीट लागलं की मिटत येणारा हिरवा डोळा. रेडिओ खरखरला की त्याला थाप द्यायची. थाप कुठे द्यायची हे प्रत्येक घराचं गुपित असे. आमच्याकडे ती उजव्या कुशीत, मागच्या कडेपासून चार बोटं सोडून दिली जाई, आणि ती द्यायचा अधिकार फक्त वडिलांचा होता. त्यामुळे ॲम्प्लिफायरच्या भोवती जमलेला प्रत्येक म्हातारा आधी बोलत नसे, हात उगारत असे.

आवाज नेमका कसा येतो यावर चाळीत एकमत होईना. एकजण म्हणाला ‘घूं’ येतो. पलीकडच्या वहिनींनी ‘कढईत मोहरी तडतडल्यासारखा’ अशी साक्ष दिली. तिसऱ्याला ‘टिंग’ ऐकू आलं होतं. शेजारच्या काकांनी फक्त ‘त्रास’ ऐकला होता. गंमत म्हणजे या क्षेत्रात या साक्षींना रोगनिदानाइतकी किंमत आहे. एकसुरी ‘घूं’ असेल तर वीजपुरवठ्याचं पन्नास हर्ट्झ कुठून तरी आत झिरपतंय, नाहीतर जुना कंडेन्सर सुकलाय, आणि मग तो ‘घूं’ शंभर हर्ट्झचा, जरा वरच्या पट्टीतला येतो. बटण फिरवतानाच खरखरत असेल तर त्या कंट्रोलच्या पोटात धूळ. बाटलीला टिचकी मारल्यावर ‘टिंग’ स्पीकरमधून ऐकू आलं तर आतले पत्रे सैल झालेत आणि व्हॉल्व्हचा मायक्रोफोन झालाय. तडतड असेल तर एखादा जुना कार्बनचा रेझिस्टन्स, सैल बेस किंवा ड्राय सोल्डर. आणि ‘त्रास’ असेल तर तो गिटारीचा. त्यावर पार्ट मिळत नाही.

बिघाड शोधायचा एक सोन्यासारखा नियम आहे: एका वेळी एकच गोष्ट बदलावी. हा नियम करणारा माणूस चाळीत राहिलेला नसणार. पुढच्या रविवारी आवाज आला तेव्हा दार उघडं होतं, हीच काय ती चूक. एकाने प्लग काढून दुसऱ्या पॉइंटमध्ये लावला, दुसऱ्याने अर्थिंग नसेल म्हणत तीन पिनांच्या मागे पुठ्ठ्याचा तुकडा खोचला, तिसऱ्याने फ्रिज बंद केला, वहिनींनी स्वतःहून मिक्सर थांबवला आणि आजीने, जमिनीची ओल चढत असेल म्हणून, ॲम्प्लिफायर पाटावर बसवायला लावला. आवाज थांबला. कशामुळे थांबला? प्रत्येकजण आपापल्या घरी जाऊन ‘मी थांबवला’ असं सांगत राहिला. रात्री जेवणं आटोपेपर्यंत तो परत आला होता.

काकांचा संशय थेट वीजपुरवठ्यावर. आपल्याकडची लाइट बेस्टची, आणि काका निवृत्तीनंतर अर्ज लिहिण्यात वाकबगार झालेले. त्यांनी तक्रारीचा मसुदाही तयार केला. तसे ते भाच्याच्या विरोधी पक्षातले. २००० सालचे ध्वनिप्रदूषणाचे नियम त्यांना पाठ: निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५, रुग्णालयापासून शंभर मीटर शांतता क्षेत्र. आणि परळच्या बाजूला केईएम, वाडिया, टाटा अशी रुग्णालयांची रांगच असल्यामुळे हे शंभर मीटर नेमके कुठे संपतात ते काका पावलांनी मोजून सांगू शकतात. गणपतीचे दहा दिवस मात्र हेच काका मंडळाचे खजिनदार असतात आणि त्या दहा दिवसांत त्यांना मीटर, डेसिबल काहीही आठवत नाही.

भाच्याचे बँडमधले मित्र वेगळ्याच पंथाचे. ते फोनवरून उपचार करतात. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्याला निदान शेळ्या दिसत तरी असतात. त्यांनी सांगितलं, सगळे व्हॉल्व्ह बदल. पुढच्या टोकाला ईसीसी ८३ नावाच्या बारक्या बाटल्या, मागे ईएल ३४ नावाच्या दणकट, आणि दणकट बाटल्या जोडीने घ्याव्या लागतात, त्याही एकमेकींशी जुळलेल्या. लग्नाच्या पत्रिकेला लागत नाही एवढी जुळवणी. भाच्याने शिकवणीचे साठवलेले पैसे घातले. नव्या बाटल्यांचा मान म्हणून आवाज चार दिवस आला नाही, मग आला. आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला.

एका संध्याकाळी तर कहर झाला. गिटारीची वायर लावलेली, गिटार कुणाच्या हातात नाही, आणि ॲम्प्लिफायरमधून स्वच्छ, शुद्ध मराठीत बातम्या सुरू झाल्या. लांब वायर अँटेनाचं काम करते आणि एखादा खराब जोड मध्यम लहरींचा सिग्नल पकडून त्यातलं बोलणं सोडवतो, हे होतं कधी कधी. भाचा घाबरला. आजी मात्र खूश. “झाला बाई एकदाचा दुरुस्त,” म्हणाली आणि हवामानाचा अंदाज संपेपर्यंत तिने कुणाला बटणाला हात लावू दिला नाही.

शेवटी मी लॅमिंग्टन रोड गाठला. त्याचं खरं नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, पण रेझिस्टन्स घ्यायला माणूस लॅमिंग्टन रोडलाच जातो. ग्रँट रोड स्टेशनातून उतरून चालायला लागलं की पूर्वी रेडिओचे सांगाडे, ट्रान्सफॉर्मर, तांब्याच्या तारांची भेंडोळी दिसत. आता कॅमेरे, राउटर आणि मोबाइलची कव्हरं. एका काउंटरवरच्या पोराला विचारलं, व्हॉल्व्ह आहे का? तो आदराने म्हणाला, “अंकल, नळाचं सामान पुढच्या गल्लीत.” अखेर एका माळ्यावरच्या दुकानात मास्तरांचा पत्ता लागला. मास्तरांची जवानी मंडळांचे व्हॉल्व्हचे ॲम्प्लिफायर आणि त्यावर वाजणारे कर्णे सांभाळण्यात गेली. विसर्जनाच्या मिरवणुकीत, हातगाडीवर, पावसात, आरती चालू असताना त्यांनी बाटल्या बदललेल्या आहेत. भाच्याची तक्रार ऐकून त्यांनी एकच विचारलं, “घरात चहा कोण करतं?”

मास्तर आले आणि त्यांनी ॲम्प्लिफायरकडे पाहिलंही नाही. बसले. मी समजत होतो, आता पेटी उघडेल, मीटर निघेल. मास्तरांनी प्रश्न विचारले. गिटारीची वायर काढल्यावरही येतो का? बटण कमी केलं की कमी होतो का? चालू केल्यावर किती वेळाने येतो? पावसाळ्यात जास्त का? भाच्याला एकाचंही उत्तर धड देता येईना, कारण आवाज आला रे आला की घरातलं कुणी ना कुणी धावत जाऊन तो बंद करत असे. मास्तर म्हणाले, “तुम्ही लोक फार चांगले आहात हो. म्हणूनच तो सापडत नाही.”

मग सुरू झालं थांबणं. चहा झाला, पोहे झाले, माझी वडिलांच्या थापेची गोष्ट सांगून झाली. जो आवाज जावा म्हणून आठवडे काढले तो यावा म्हणून सगळं घर कान टवकारून बसलं. काका दारात, वहिनी गॅलरीत. आजी देवापुढे काहीतरी पुटपुटली आणि ते नक्की कुठल्या बाजूने होतं हे तिलाच ठाऊक. ॲम्प्लिफायर जावयासारखा बसून राहिला. ताई ओशाळून म्हणाली, “आत्ता येत नाहीये, पण खरंच येतो हो.” मास्तर म्हणाले, “येईल. मी निघालो असं समजा,” आणि पायात चपला सरकवून गॅलरीत जाऊन उभे राहिले.

चर्रर्र.

“बंद करू नका!” मास्तर गॅलरीतूनच ओरडले, कारण घरातले चार हात एकदमच बटणाकडे निघाले होते. आत येऊन त्यांनी शांतपणे प्लगच खेचला आणि कान लावला. बाटल्या लगेच गार होत नाहीत आणि कंडेन्सरमध्ये वीज भरलेली असते, त्यामुळे प्लग काढल्यावरही व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर काही क्षण जिवंत राहतो. आवाज बाहेरून, तारांतून येत असेल तर प्लगबरोबर तटकन तुटतो. हा तुटला नाही. तडतडत, विझत विझत गेला. “आतला आहे,” मास्तर म्हणाले. बेस्ट निर्दोष सुटली. काकांनी खिशातला अर्ज दुमडून आणखी आतल्या खिशात ठेवला.

पुन्हा चालू करून, आवाज येईपर्यंत पुन्हा थांबून, मास्तरांनी फडक्यात धरून पहिली बारकी बाटली उपसली. तडतड चालूच. दुसरी उपसली. गप्प. म्हणजे चोर पहिलीच्या पुढे आणि दुसरीच्या घरात. ज्यासाठी चाळीने मिक्सर, फ्रिज, जमीन आणि बेस्टला आरोपी केलं होतं त्याचा पत्ता दोन बाटल्या उपसून लागला. भाच्याने नव्या बाटल्यांकडे असं पाहिलं की मला त्याचा हिशेब विचारवेना.

पेटी उघडायच्या आधी मास्तरांनी लेकरं बाहेर काढली. आत चारशे व्होल्टच्या आसपास असतात आणि प्लग काढला तरी कंडेन्सर ते सोडत नाही. एका मोठ्या रेझिस्टन्समधून ते उतरवावे लागतात, मग मीटर लावून खात्री करावी लागते. आणि चालू ॲम्प्लिफायरमध्ये शोधायचं असेल तर एकच हात आत घालायचा, दुसरा खिशात ठेवायचा, म्हणजे वीज एका हातातून शिरून छातीतून दुसऱ्या हाताने बाहेर पडत नाही. काका म्हणाले, “मी तर कायमच तसा उभा असतो.” मास्तर म्हणाले, “तुम्ही दोन्ही हात खिशात ठेवा.”

आता हवी होती एक काडी. सुकी, लाकडी, वीज न वाहणारी. भाच्याने पेन्सिल पुढे केली, मास्तरांनी ती झटकली, कारण पेन्सिलीतलं शिसं, म्हणजे ग्रॅफाइट, वीज खुशाल वाहून नेतं. माळ्यावर मोडका आकाशकंदील होता. त्याची बांबूची काडी मास्तरांनी उपसली, टोक चाकूने गोल केलं, आणि डावा हात खिशात घालून उजव्या हाताने एकेका जोडावर हलक्या टिचक्या मारायला सुरुवात केली. बाटलीवर टिचकी, काही नाही. रेझिस्टन्सवर, काही नाही. तारेला जरा कलवलं, काही नाही. मग व्हॉल्व्ह ज्यात बसतो त्या बेसच्या एका पिनेला काडीचं टोक नुसतं टेकलं आणि स्पीकरमधून ‘चर्रर्र’ आला. काडी उचलली, गेला. टेकली, आला. ज्याने सबंध चाळीला नाचवलं तो आता काडीच्या तालावर नाचत होता. मास्तर माझ्याकडे वळून म्हणाले, “तुमच्या वडिलांची थाप बरोबर होती. फक्त हात मोठा होता.”

वीज काढून, कंडेन्सर उतरवून मास्तरांनी मला भिंग दिलं. पिनेवर सोल्डरचा थेंब होता, वरून अगदी चकचकीत. त्याच्या बुडाशी पिनेभोवती केसाएवढी काळी गोल रेघ. बाटली रोज तापते, पिना प्रसरण पावतात, रात्री गार होऊन आकसतात, आणि वर्षानुवर्षं हे चाललं की थेंब पिनेला धरून आहे असं दिसतं, पण धरलेलं नसतं. गार असताना टेकलेला, अर्धा-पाऊण तासाने तापला की सुटलेला. त्यात आपली समुद्राची खारी हवा. पिनेच्या मुळाशी हिरवट बुरशीसारखा थर आला होता आणि बेसच्या आतल्या पकडीही सैल पडल्या होत्या. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा. इथे तर वाळाही पुरा कथलाचा नाही, साठ टक्के कथील, चाळीस टक्के शिसं.

मास्तरांनी जुनं सोल्डर ओढून काढलं, पीन खरवडून स्वच्छ केली, सुईने पकडी आवळल्या आणि नवा थेंब सोडला. राळेचा पांढरा धूर वर गेला. आजीने हात जोडले.

त्यानंतर ॲम्प्लिफायर सलग चालू ठेवायचा होता, तापू द्यायचा होता, आणि भाच्याला जे मनापासून करायचं होतं ते आता उपचाराचा भाग म्हणून मास्तरांच्या हुकमावरून करायचं होतं. तो दिवेलागणीपर्यंत वाजवत राहिला. चर्रर्र नाही, फट् नाही, बातम्या नाहीत. आजी तेवढी जरा हिरमुसली. शेवटी काका दारातून पुढे झाले आणि आवाज खाली आणून म्हणाले, “मास्तर, ती खरखर होती तेव्हा निदान मधून मधून बंद तरी व्हायचा. आता यावर काय?”

मास्तरांनी पिशवीत मीटर घातला, काडी परत माळ्याकडे सरकवली. “गणपतीत मंडळाला ॲम्प्लिफायर लागेलच ना तुम्हाला?” त्यांनी विचारलं. “हा द्या लावून. दहा दिवस तरी तुमची तक्रार नसेल.”